दिसलात तर रुमाल वर करीन

साल दोन हजार तेरा. दिवाळी होऊन गेली होती, माळव्यातली थंडी नुकती अंगाला लागायला लागली होती, आणि मी मानपूरजवळच्या एका माळावर पुरुषांच्या स्नानगृहात उभी होते.

म्हणजे तसं मला सांगण्यात आलं.

"मॅडम, जरा बाजूला व्हा... तुम्ही पुरुषांच्या स्नानगृहात उभ्या आहात!"

मी दचकून आजूबाजूला पाहिलं. चहूकडे सोयाबीन काढून झालेलं शेत. पायाशी चुन्याची पांढरी रेघ. आणि पलीकडे हातात टेप घेतलेले, कानटोपी घातलेले एक उंच गृहस्थ. चेहरा गंभीर, डोळे मात्र अजिबात गंभीर नाहीत.

"मला तर इथे सोयाबीनचे खुंट दिसताहेत," मी म्हटलं.

"तुम्हाला खुंट दिसतात, मला भिंती दिसतात. रेल्वेत नकाशे काढण्यात जन्म गेला, काय करणार!"

असे मला दिनानाथ भेटले.

ते शेत माझी शाळेतली मैत्रीण शारदा हिचं. यजमान गेल्यावर तिची झोपच उडाली होती. कुणाच्या तरी सांगण्यावरून ती दहा दिवसांच्या मौनशिबिराला जाऊन बसली आणि तिथून परतली ती एकच ध्यास घेऊन : आपल्या शेतावर बुद्धाच्या मार्गानं ध्यान शिकवणारं केंद्र उभं करायचं. शहरातली माणसं इथे येऊन शांत बसतील आणि फाटकापाशी गावातल्या बायकांसाठी दवाखान्याची खोली असेल.

मी मुलींच्या वसतिगृहाची वॉर्डन म्हणून निवृत्त झालेली. नवरा जाऊन बरीच वर्षं लोटली होती. शहरात, तुकोगंजच्या घरात मुलगा निखिल आणि सून श्रिया सकाळीच कामाला जात, आणि मी मटार सोलत बसे. एका रविवारी शारदा दारात गाडी घेऊन हजर. "देवू, बायकांची राहायची जागा कशी असावी, हे तुझ्याशिवाय कौन बताएगा? चल, बस गाडीत."

दिनानाथ महूचे. घर बौद्ध, वडिलांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतलेली. बायको जाऊन काही वर्षं झालेली, मूलबाळ नाही. रोज पहाटे ध्यानाला बसत, आणि उरलेला सगळा दिवस बोलत.

आमचं पहिलं भांडण खुंट्यांवरून झालं.

"बायकांच्या खोल्यांत खुंट्या कुठेत?" मी नकाशावर बोट ठेवलं.

"खुंट्या? मॅडम, इथे लोक सगळं सोडायला येणार."

"सोडतील हो. पण ओला टॉवेल कुठे सोडतील?"

ते इतके हसले की कानटोपी खाली पडली. पुढच्या रविवारी नकाशात प्रत्येक खोलीत खुंट्या होत्या, अगदी बारीक, नीट रेखलेल्या. दुपारी शारदाच्या गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून आम्ही गरम गराडू, म्हणजे कंदाच्या तळलेल्या फोडी, खाल्ल्या. माझ्या वाट्यावर त्यांनी न विचारता लिंबू पिळलं, आणि जीरावनाचा तिखट मसाला मात्र बेतानं भुरभुरला. मला तिखट सोसत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे...

असे रविवार जात राहिले. पण एक गोष्ट मला आतून टोचायची. हे सगळं चाललं होतं ते नकाशा पुरा होईपर्यंत. नकाशा पुरा झाला की माझं काम संपणार, मटार पुन्हा सुरू होणार, आणि महूचे दिनानाथ महूला. हे कळत होतं, तरी रविवारी सकाळी मी दोन-दोन साड्या काढून बघत होते. त्या वयात!

आता गंमत ऐका. शिबिरात बाई-पुरुषांची राहायची सोय वेगळी, वाटा वेगळ्या. दहा दिवस बोलायचं नाही, एकमेकांकडे बघायचंसुद्धा नाही. म्हणून बायकांच्या वाटेवरून पुरुषांची वाट दिसता कामा नये, अशी आखणी हवी होती. ती तपासायचं काम आम्हा दोघांकडे आलं. भिंतींच्या जागी बांबू रोवून त्यांना डोक्याच्या वर जाईल इतकं तरट बांधलं.

"मी पुरुषांच्या वाटेवर उभा राहतो. तुम्ही तुमच्या वाटेनं सावकाश चाला. दिसलात तर रुमाल वर करीन."

"हाक मारा की सरळ."

"मौनाचं केंद्र आहे, मॅडम."

मी चालायला लागले. तरटाच्या वर पांढरा रुमाल. दोन पावलं पुढे गेले, तरी रुमाल. कडुलिंबाच्या आड गेले, तरी रुमाल! तेवढ्यात चपलेत काटा घुसला, म्हणून मी जुन्या विहिरीच्या कठड्याआड खालीच बसले. काटा काढला. वर पाहिलं... रुमाल तसाच. वारा सुटला होता, तो फडफडत होता, पण हात काही खाली येत नव्हता.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "मी कठड्याआड बसले होते. मग तुम्हाला दिसले कशी?"

त्यांनी रुमालाची घडी घातली. मोडली. परत घातली.

"दिसत होतात," ते म्हणाले. "तुम्ही घरी जाता तेव्हाही दिसता. त्याला काय करायचं, ते नकाशात बसत नाही."

माझे गाल थंडीतही तापले. रुमाल वर होता त्या त्या जागी कामगारांनी इमानानं खुणा करून ठेवल्या होत्या, त्यामुळे विहिरीपाशी विटांची एक जाळी उभी राहिली. शारदा चक्रावली. "दिनानाथजी, ही कशाला? यहाँ से तो कुछ दिखता ही नहीं!"

"लागते, ताई," ते म्हणाले. कान लालबुंद.

जानेवारीत केंद्राच्या समितीची बैठक झाली. दुसऱ्या केंद्रातल्या जाणत्यांनी सुचवलं की व्यवस्थेला इथेच राहणारं जोडपं ठेवा. नवरा पुरुषांकडे बघेल, बायको बायकांकडे. उज्जैनचं एक जोडपं तयारही होतं. सगळ्यांनी मान डोलावली. दिनानाथांचा चेहरा उतरला. नोकरी तर संपलेलीच, आता इथेच राहायचं, हे त्यांनी पहिल्या रेघेपासून मनात धरलं होतं.

फाटकापाशी त्यांनी मला गाठलं. "मॅडम, त्यांना जोडपंच हवंय ना... मग आपण दोघं—"

मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. राग आला.

"केंद्राला जागा भरायचीय म्हणून?"

"तसं नाही हो—"

"मग कसं? केंद्रासाठी विचारताय, की माझ्यासाठी?"

दिवसभर बोलणारा तो माणूस गप्प झाला. शारदानं हॉर्न वाजवला. मी गाडीत बसले आणि महू मागे पडेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी मी काही लपवलं नाही. निखिल उखडला. "आई, इस उम्र में? आणि ते लोक तर..."

"कोणते लोक? वाक्य पूर्ण कर."

त्यानं केलं नाही. श्रिया हळूच म्हणाली, "आई, संडेला तुमचा चेहरा वेगळा असतो. मैं तो देखती हूँ ना."

पुढचा रविवार आला. गाडी आली नाही, मी साडीही काढली नाही. सकाळी बेल वाजली. दारात दिनानाथ.

"शारदाताईंकडून येतोय. उज्जैनच्या जोडप्याला बोलवा म्हटलं. मी तिथे राहणार नाही."

"अहो, का? तिथली वीट न् वीट तुमच्या मनातली आहे!"

"आहे. पण ते हातात असेपर्यंत तुमच्या प्रश्नाचं उत्तर देता येत नव्हतं. काहीही म्हटलं असतं तरी तुम्हाला खरं वाटलं नसतं." त्यांनी श्वास घेतला. "आता केंद्र नाही, काम नाही. महूला दोन खोल्या आहेत, आणि मी फार बोलतो. आता विचारतो, माझ्यासाठी. याल?"

मागे निखिल पेपर वाचत होता. पान उलटल्याचा आवाज बऱ्याच वेळात आला नव्हता.

"मॅडम म्हणून बोलावलंत तर येणार नाही," मी म्हटलं.

"देवयानी," ते म्हणाले. पहिल्यांदाच.

पेपराची घडी झाली. "श्रिया," निखिल कुणाकडेही न बघता म्हणाला, "पोहे जरा जास्ती कर."

मार्चमध्ये आमचं नोंदणी पद्धतीनं लग्न झालं, शारदा साक्षीदार. केंद्र त्याच वर्षी सुरू झालं. उज्जैनच्या जोडप्यानं ते फार छान सांभाळलं, आजही सांभाळताहेत. फाटकापाशी आठवड्यातून दोनदा डॉक्टरीणबाई येतात. शारदा शेवटची वर्षं तिथेच राहिली. तिची झोप परत आली होती. निखिल भोपाळला आहे. बरीच वर्षं 'दिनानाथजी' म्हणत राहिला, मग कधीतरी 'बाबा' म्हणायला लागला. कधी, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. श्रियाच्या मुलीला पट्टी धरून सरळ रेघ मारायला त्यांनीच शिकवलं.

दरवर्षी थंडीत आम्ही दोघं शिबिराला जायचो. दहा दिवस ते त्यांच्या वाटेनं, मी माझ्या. एकदाही दिसायचे नाहीत, इतकं चोख काम होतं त्यांचं. आणि शिबिर संपलं की फाटकापासून महूपर्यंत बसमध्ये त्यांचं तोंड मिटायचं नाही. दहा दिवसांचं साठलेलं सगळं मला ऐकावं लागायचं.

दिनानाथ दोन हजार बावीसच्या पावसाळ्यात गेले.

मी अजून जाते, एकटी. मौन सुटतं, बायका किलबिलायला लागतात, मी फाटकापाशी येऊन बस धरते. खिडकीची जागा मिळाली की महूपर्यंत आता मी बोलते, हलक्या आवाजात, दहा दिवसांचं सगळं. शेजारची बाई कधी वळून बघते.

बघू दे.