दाणा अजून ओला आहे

चिठ्ठीत नेमका त्याच्याच शेताचा नंबर निघाला, यात तिचा काही दोष नव्हता. दरवर्षी कापणीच्या दिवसांत पिकाचा सरकारी अंदाज काढायला ऑफिसात चिठ्ठ्या टाकून शेतं ठरत, आणि ती टेप, खुंट्या, तराजू घेऊन घाट चढून वरच्या खोऱ्यात येई. चौकोन आखायचा, तेवढंच भातपीक कापून, झोडून वजन करायचं, आणि दाणे वाळले की पुन्हा येऊन वजन करायचं. पाच वर्षांत तिच्या लक्षात शेतं राहिली होती, माणसं नाही.

हा मात्र पहिल्याच मिनिटाला लक्षात राहिला. बांधावरून पाय घसरून ती थेट पाटात... आणि विळा हातात धरून हा म्हणतो कसा, "मॅडम, मोजायचं शेत इकडे आहे."

"हसू नका. टेप धरा."

"धरला. सोडू कधी?"

"सांगेन तेव्हा."

आणि सांगायचंच ती विसरली!

झोडणी संपली तेव्हा ऊन कललं होतं. त्यानं बोट उचललं, मध्येच थांबवलं. "केसांत तूस आहे... उजवीकडे. अहो, तुमच्या उजवीकडे."

पुढचे बारा दिवस ऑफिसच्या खिडकीतून ती ढग पाहत बसली. त्याच्या अंगणात ऊन आलं असेल का? दाणे तोच उलथत असेल — की दुसरं कुणी?

तेराव्या दिवशी ती गेली. त्याचा दादा पाय प्लास्टरमध्ये घालून ओट्यावर बसला होता, वहिनी शेजारी. वाळला का बघायला तिनं एक दाणा दातांखाली धरला. कट्! खडखडीत वाळलेला.

"ओला आहे अजून," ती म्हणाली. पाच वर्षांत तिनं कागदावर एक आकडा खोटा लिहिला नव्हता.

त्यानंही अंगणातून एक दाणा उचलून चावला. कट्! "ओलाच की," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला.

वहिनीनं डोळ्यांवर हात धरून रणरणत्या उन्हाकडे पाहिलं. "यंदा ऊनच ओलं पडतंय, बाई!"

चार दिवसांनी ती पुन्हा आली. आता टाळता येणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी अहवाल द्यायचा होता. त्यानं पोतं तराजूला लावलं, तिनं आकडा लिहिला, त्यानं सही केली.

"झालं?"

"झालं."

"म्हणजे आता यायचं काही कारण नाही..."

"पुढच्या वर्षी चिठ्ठी निघाली तर —"

"चारशे अकरा शेतं आहेत या खोऱ्यात. मोजलीत मी."

"कधी?"

"त्या बारा दिवसांत." तो मान खाली घालून तराजूची दोरी गुंडाळत राहिला. "चिठ्ठीच्या भरवशावर नाही हो राहवणार मला."

"मग... घरी या आमच्या. बाबा सकाळी घरी असतात."

त्यानं झटकन वर पाहिलं. "उद्याच आलो असतो. पण दादा असा. वरच्या शेतांची सगळी कापणी माझ्या एकट्यावर. महिना तरी लागेल."

"महिना?"

"रात्रंदिवस राबलो तरी."

परतताना जीपच्या खिडकीतून तिला डोंगरभर उभं पिवळंधमक भात दिसत होतं. वाकलेली लोंबी न् लोंबी भरलेली. असं पीक दिसलं की एरवी तिला कोण आनंद व्हायचा. आज मात्र घाट उतरेपर्यंत तिला एकाच गोष्टीचा राग येत राहिला — एवढं पिकवायचं काय अडलं होतं यांचं!