रिकाम्या खुर्चीतला फोन

नाजिशच्या खोलीची खिडकी देऊळगाव राजाच्या बसस्टँडकडे उघडायची. जालन्याची गाडी लागली की कंडक्टरच्या आरोळ्या थेट टेबलावर येऊन आदळत. म्हणून ऑनलाइन समुपदेशन करताना तिनं एक सवय लावून घेतली होती. समोरचं माणूस बोलू लागलं की आपला माइक बंद करायचा. रसायनशास्त्राची पदवी आणि त्यावर मानसोपचारातलं समाजकार्य; असल्या बारीकसारीक शिस्ती तिच्या अंगात मुरल्या होत्या.

आज मात्र तिला खुर्चीत स्वस्थ बसवत नव्हतं. धामणगाव बढेकडच्या अन्नपूर्णाबाई आज पहिल्यांदा नवऱ्याशी बोलणार होत्या. नवरा, शेषराव, गेल्या हंगामात वारला होता.

बीटी कपाशी आली तेव्हा फवारणीची कटकट मिटली, असं गावोगाव बोललं गेलं. पुढे गुलाबी बोंडअळी आली आणि पंप पुन्हा पाठीवर चढले. शेषराव कपाशी फवारून आला, बाजेवर पडला, तो उठलाच नाही. पोटात औषध सापडलं. ते पोटात गेलं कसं, हे कुठल्याच तपासणीत कळलं नाही. गाव म्हणे, मुद्दाम पेला. मागच्या भेटीत अन्नपूर्णाबाई अगदी शांतपणे म्हणाल्या होत्या, "मॅडम, ते सोताहून मले सोडून गेले असतील, तं मंग माह्यंबी इथं काय काम हाय?"

त्याच दिवशी नाजिशनं त्यांच्या नणंदेला, आशाबाईंना, फोन करून घरातली सगळी औषधं हलवायला लावली होती. आजची भेट चालू असेपर्यंत आशाबाई अंगणात बसणार होत्या. उरला होता तो प्रश्न. त्यासाठी नाजिशच्या शिक्षणात एक पद्धत होती. समोर रिकामी खुर्ची ठेवायची, गेलेलं माणूस तिच्यात बसलंय असं मानायचं, आणि मनात अडकलेलं बोलून टाकायचं.

स्क्रीन उजळला. अन्नपूर्णाबाई जमिनीवर बसून मान वर करून पाहत होत्या.

"ताई, फोन कुठे ठेवलाय?"

"खुर्चीत. घरात एकच तं खुर्ची हाय. तुमी म्हणलं, समोर ठेवा. ठेवली. मंग तुमाले कुठं ठेवू, चुलीवर?"

अंगणातून आशाबाईंचं हसू ऐकू आलं. "काय हो मॅडम, तुमच्या कालेजात खुर्चीशीच बोलाले शिकवते काय?"

नाजिशलाही हसू फुटलं. फोन बाजूला ठेवा, असं ती सांगणार, तोच अन्नपूर्णाबाईंनी पदर डोक्यावरून घेतला आणि बोलायला सुरुवात केली. इतक्या दिवसांची गाठ सुटत होती. आता टोकायचं नाही. नाजिशनं घाईनं माइक बंद केला. फोन खुर्चीतच राहिला.

"तुमी फवाराले गेले तवा मी भाकरी थापत होतो," त्या सांगत होत्या. "दोन हाका मारल्या. तुमी वळले नाही."

नाजिश स्क्रीनकडे सरकली. पद्धत लागू पडत होती, तीही फोनवरून. मग तिला वास आला. उग्र, कुजक्या लसणासारखा. कुणी खाली डासांचं औषध मारत असेल, असं तिनं ठरवलं आणि खिडकी लावली. वास खोलीतच होता.

पाठ ओली वाटू लागली. तिनं हात फिरवला. कुडता कोरडा होता. तरी खांद्यांवर पट्टे रुतल्यासारखे होते, आणि पाठीवरून काहीतरी गार ओघळत कमरेपर्यंत येत होतं. मनाचे खेळ, ती स्वतःला म्हणाली. समोरच्याची वेदना कधीकधी ऐकणाऱ्याच्या अंगात येते, असं तिनं वाचलं होतं. भीती नव्हती. होती ती उत्सुकता, प्रयोगशाळेत द्रावणाचा रंग पालटू लागताना वाटायची तशी.

अन्नपूर्णाबाईंनी थेट तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"खरं सांगा. तुमी पेले, का चुकून गेलं?"

उत्तर नाजिशच्या तोंडून आलं. आधी डोक्यात आलंच नाही.

"नोझल चोकलं होतं. बोरीच्या काट्यानं कोरलं, तं काटा आतच मोडला. मंग तोंडात धरून फुकलं. नेहमी फुकतो तसं."

तिनं हात तोंडावर दाबला. फवारणीचा पंप तिनं आयुष्यात कधी हाताळला नव्हता.

"हाव," अन्नपूर्णाबाई मान हलवून म्हणाल्या.

त्या उठल्या. सांदीतून पोत्यात गुंडाळलेला पंप ओढला. हाताला फडकं बांधून नोझलचं टोपण फिरवलं आणि ते फरशीवर ठोकलं. पहिल्यांदा काही पडलं नाही. दुसऱ्यांदा बारीकसं, काळं काही पडलं. त्यांनी ते फडक्यावर धरून फोनसमोर आणलं.

काट्याचं टोक होतं.

नाजिश उभीच राहिली. पुरावा! डोळ्यांना दिसणारा, मोजता येईल असा.

"ताई, ऐका, तो अपघात होता," ती भराभर बोलू लागली. "ते तुम्हाला सोडून गेले नव्हते. ताई?"

अन्नपूर्णाबाई स्क्रीनकडे निरखून पाहत होत्या.

"मॅडम, तुमचे ओठ हालून राह्यले, आवाज नाही येऊन राह्यला. मघाशी बंद केला तुमी, तवापासून."

नाजिशनं खाली पाहिलं. माइकच्या चिन्हावर तांबडी रेघ होती.

तिनं बोट पुढे नेलं, पण दाबलं नाही.

अन्नपूर्णाबाईंनी फोन उचलून कोनाड्यात ठेवला. आता नाजिशला पहिल्यांदा सगळी खोली दिसली. बाज. चूल. मधोमध निळी, प्लास्टिकची, रिकामी खुर्ची.

खुर्चीचे पाय फाकलेले होते. पाठ मागे वाकली होती. बैठक मधून खोल दबली होती.

अन्नपूर्णाबाई तिच्यापुढे उभ्या राहिल्या. डोळे पुसले.

"जा आता तुमी," त्या म्हणाल्या. "मी राह्यतो."

खुर्ची कुरकुरली, आणि तिचे चारही पाय हळूहळू सरळ झाले.