झिजलेले अंगठे

"अहो, तुमच्या मशीनला माणूस ओळखता येत नाही, आणि दोष आजींचा?"

दवाखान्यातल्या सिस्टरनं त्याला ऐकवलेलं हे पहिलं वाक्य. तो नुसताच हसला... आणि तिचा पारा आणखी चढला.

म्हाताऱ्या माणसांची अंगठ्याच्या ठशावरून नोंद करणारं नवं यंत्र घेऊन हा इंजिनिअर सकाळीच आला होता. आठवडाभरात नोंद झाली नाही, तर औषधं बंद! आणि रांगेतल्या पहिल्याच आजींचा अंगठा उमटेना. जन्मभर लोकांचे कपडे धुतलेले हात ते. रेघा केव्हाच झिजल्या होत्या.

"आजी, जरा जोरात दाबा ना."

"जोर असता तर दवाखान्यात कशाला आले असते रे बाबा?" आजी म्हणाल्या, आणि अख्खी रांग खो-खो हसली.

तो ओशाळला, पण पळाला नाही. चार दिवस सिस्टरच्या शेजारी स्टूल टाकून बसला. कोणाला अक्षरं दिसत नाहीत, कोणाचा हात थरथरतो, सगळं टिपत राहिला. मध्येच मान वर करून तिच्याकडे बघायचा...

"काय बघताय?"

"तुम्ही सगळ्यांना चेहऱ्यावरून ओळखता. माझ्या यंत्राला आजीसुद्धा ओळखता येत नाहीत."

"मग मलाच घाला यंत्रात!"

"घातलं असतं... पण मग माझ्याशी भांडणार कोण?"

ती झटकन औषधांच्या कपाटाकडे वळली. कानाच्या पाळ्या मात्र तापल्या होत्या.

पाचव्या दिवशी मोठे साहेब पाहणीला आले. "काय, सुरळीत ना?"

हा आता होला हो करणार, असं तिला वाटलं. नोकरी कोणाला नको असते?

"नाही, साहेब," तो म्हणाला. "एकतीस जणांचे अंगठे उमटत नाहीत. चूक यंत्राची आहे, त्यांची नाही. सिस्टरनी ओळख पटवली की नोंद होईल, अशी सोय मी केलीय. फक्त तुमची परवानगी हवी."

"आणि जबाबदारी कोणाची?"

"माझी," सिस्टर पुढे झाली. "प्रत्येक नोंदीखाली माझी सही राहील."

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि मान डोलावली. आजी गोळ्या घेऊन ताठ मानेनं बाहेर पडल्या.

रांग पांगल्यावर ती हळूच म्हणाली, "आज तुमचा... फार अभिमान वाटला."

"आणि तुम्ही पुढे झालात, तेव्हा माझी छाती फुगली." तो अडखळला. "उद्यापासून मी दुसऱ्या दवाखान्यात. पण रविवारी... येऊ का? यंत्र बघायला नाही. मला तुम्ही आवडता — म्हणून."

"रविवारी दवाखाना बंद असतो."

त्याचा चेहरा पडला.

"म्हणून तर," ती हसत म्हणाली, "घरी या. आईला सांगून ठेवते."