भिंतीपलीकडचा मेन स्विच

बसा रे जवळ. प्रांजल, तो मोबाईल खिशात टाक, लाईट यायची तेव्हा येईल. आणि किरण, मघाशी म्हणालास ना, मुंबईत माणसांनाच राहायला जागा नाही, भुतं कुठे राहणार... मग ऐक. आपल्या मागच्या गल्लीतला भीमराज, या गच्चीवरची मोटर ज्याने बसवली तो इलेक्ट्रिशियन, त्याच्यावर गुदरलेली गोष्ट आहे. दोन वर्षांपूर्वीच्या नारळी पौर्णिमेची रात्र.

भीमराज जेवून हात धूत होता, तेवढ्यात मालनबाईंचा फोन आला. अंधेरीला, साकीनाक्याच्या आतल्या बाजूला गाळ्यांच्या रांगेत एक लॉन्ड्री आहे. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल तिथे धुवायला येतात. मालनबाई तिथली सगळ्यात जुनी बाई, कणकवलीकडची.

"भीमराज, मोठो ड्रायर बंद पडलो रे. पोरां सगळी बहिणींकडे गेली. सकाळी हॉटेलवाले माझो जीव खातीत. येतस मां?"

"येतो मावशी, चहा टाका," म्हणून त्याने स्कूटर काढली.

ड्रायर म्हणजे काय, तर आत माणूस उकिडवा बसेल एवढा लोखंडी ड्रम. ओल्या चादरी टाकायच्या, गोल दार लावायचं, की ड्रम गरगर फिरतो आणि गरम हवेने कपडे वाळतात. त्या रात्री एक चादर पीळ पडून ड्रमच्या मागच्या फटीत अडकली होती. आत शिरून कापून काढण्याशिवाय इलाज नव्हता.

आता नियम असा आहे की, अशा मशीनचा मेन स्विच मशीनजवळ पाहिजे. काम करणाऱ्याला स्विच दिसला पाहिजे आणि स्विचपाशी उभ्या माणसाला मशीन. शिवाय हँडल खाली पाडून त्याला कुलूप घालता आलं पाहिजे, किल्ली आत जाणाऱ्याच्या खिशात. आपला जीव दुसऱ्याच्या हातात राहू नये, म्हणून. इथे मालकाने इस्त्रीसाठी वेगळी खोली काढली, मध्ये विटांची भिंत घातली, आणि स्विच राहिला पलीकडे. कुलपाची सोयच नाही. भीमराजने कितीदा सांगितलं. मालकाचं एकच, "करू ना यार, दिवाळीनंतर."

भीमराजने पलीकडे जाऊन हँडल खाली ओढलं. खट्.

"मावशी, इथून हलायचं नाही हां."

"नाय रे हलनंय," म्हणत मालनबाई स्विचखाली स्टूल टाकून बसल्या.

दार मिटू नये म्हणून भीमराजने त्याला चादरींचा गठ्ठा लावला, मोबाईल मशीनवर ठेवला आणि कात्री-टॉर्च घेऊन आत शिरला. गुडघे हनुवटीला लागलेले. लोखंड अजून कोमट होतं. चादर निम्मी कापून झाली असेल, तोच बाहेर हॉर्न वाजला.

"टेम्पो इलो रे! आताच येतंय!" भिंतीपलीकडून मालनबाई ओरडल्या आणि गेल्याच.

भीमराज घाईने वळला. ड्रम जरासा डुलला, गठ्ठा घसरला आणि दार लागलं. आतून उघडायला काही नाही. आणि या मशीनचं चालू करायचं बटण कधीच जळालेलं, वायर सरळ जोडलेली. दार लागलेलं असलं आणि करंट आला, की ड्रम फिरणार. दार तर लागलं होतं.

तरी तो घाबरला नाही. मावशी येतील, उघडतील. एवढंच ना.

मग पलीकडे पावलं वाजली. ओल्या चपलांची. स्विचपाशी येऊन थांबली.

"मावशी?"

हँडल कुरकुरलं. ते जुनं हँडल नुसता हात ठेवला तरी कुरकुरायचं.

"मावशी, हात लावू नका! मी आत आहे!"

पलीकडून पुरुषाचा आवाज आला. दमलेला.

"आत कोण आसा रे?"

टेम्पोवाला असेल, असं भीमराजला वाटलं. "मी, भीमराज! हँडल सोडा आणि आधी दार उघडा!"

हँडल सुटलं. पण दार उघडायला कोणी आलं नाही. पावलंही परत गेली नाहीत.

थोड्या वेळाने पुन्हा. त्याच सुरात.

"आत कोण आसा रे?"

"अरे सांगितलं ना, मी आहे!"

रात्री अनोळखी हाकेला ओ देऊ नये, हे आपल्याला लहानपणापासून बजावलेलं असतं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा भीमराजला आईचं ते बोलणं आठवलं. त्याने तोंड घट्ट मिटलं.

हँडल वर सरकू लागलं. कर्र... कर्र...

ड्रमने हिसका दिला.

"मी आहे! मी आहे! आत माणूस आहे!"

खट्. खाली.

आता त्याला कळलं. ओ द्यायची. दर वेळी. चुकायचं नाही.

टॉर्च मंदावला. विझला. घाम डोळ्यांत उतरत होता. पाय मेले होते, हलवायला जागा नव्हती. त्याने कात्रीने लोखंडावर ठोकून पाहिलं. ते चाललं नाही. हँडल चढू लागलं. माणसाचा आवाजच हवा होता.

"आत कोण आसा रे?"

"मी..."

"आत कोण आसा रे?"

"मी... आहे..."

घसा सोलून निघाला. शब्द फाटले. मग नुसती हवा.

"आत कोण आसा रे?"

त्याने तोंड उघडलं. काहीच आलं नाही...

कर्र...

...आणि दार उघडलं. उजेडात मालनबाई उभ्या. "अरे देवा! दार कशाक लावून घेतलंस? आताच तर गेलंय मी!"

भीमराजला वाटत होतं, रात्र सरली. बाहेर टेम्पोवाला अजून शेवटचा गठ्ठा उतरवत होता. इस्त्रीच्या खोलीत कोणी नव्हतं. हँडल खाली होतं.

कुजबुजत्या आवाजात त्याने ते चार शब्द सांगितले. मालनबाईंनी त्या हँडलला हात जोडले.

"बाळा तो," त्या म्हणाल्या. "आमच्या गावचो."

ही भिंत नवीन घातली तेव्हाची गोष्ट. मिथुन नावाचा पोरगा ड्रम साफ करायला आत उतरला होता, आणि दार असंच त्याच्यामागे लागलं होतं. बाळा स्विचपाशी आला. भिंतीमुळे दिसेना, म्हणून त्याने हाक मारून हेच विचारलं. दुसऱ्या मशीन चालू होत्या. मिथुनला ऐकू गेलं नाही. उत्तर नाही, म्हणजे कोणी नाही, असं समजून बाळाने हँडल वर केलं... पुढे बाळा गावी गेला. कोणाशी बोलेना. बंद दार दिसलं की त्यापुढे उभा राहून तेवढंच विचारायचा. वर्षाच्या आत वारला.

दुसऱ्या दिवशी भीमराजने मालकाला न विचारता स्विच मशीनशेजारी आणला, कुलपाची सोय केली. भिंतीवरची स्विचची जुनी पेटी काढायला तो मालनबाईंना सोबत घेऊन गेला. शेवटचा स्क्रू फिरवताना त्याचा हात थांबला.

पेटीच्या बाजूला, माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर, भिंतीला अंगठ्याएवढं आरपार भोक होतं. भीमराजने डोळा लावला. समोर बरोबर ड्रायरचं गोल दार.

मालनबाई ती भिंत रोज पुसतात. आदल्या संध्याकाळी तिथे भोक नव्हतं, त्या आजही शपथेवर सांगतात. आणि भोकाच्या कडा... बोट फिरवून फिरवून वर्षानुवर्षं झिजवाव्यात, तशा गुळगुळीत. खाली फरशीवर विटेचा कणसुद्धा नव्हता.