भर दुपारचं बंद दार

लालबागच्या त्या चाळीत दिवसा कुणी दार लावत नाही. पडदा सोडतात, फार तर दार नुसतं लोटून घेतात. भर दुपारी आतून कडी पडली, म्हणजे आत काहीतरी बरं चाललेलं नाही, हे पोराटोरांनाही कळतं. आकांक्षाच्या दाराची कडी अशी अधूनमधून पडायची. तिचा नवरा मयूर रात्रपाळी करून यायचा, दुपारी उठायचा आणि काही बिनसलं की हात उगारण्याआधी कडी घालायचा.

कडी वाजली की शेजारच्या शेवंतीकाकू टीव्हीचा आवाज वाढवायच्या. मालिकेतली सासू मग अख्ख्या मजल्याला ऐकू जायची. काकू मनाच्या वाईट नव्हत्या. सगळं शांत झालं की वाटीभर सोलकढी आणायच्या, आकांक्षाच्या सुजलेल्या गालाकडे न बघता "पी गो" म्हणायच्या आणि निघून जायच्या.

गणपती झाल्यावर मयूरनं तिचा हात पिरगळून मोडला. प्लास्टर घालून ती घरी गेलीच नाही, थेट पोलीस ठाण्यात गेली. हवालदारानं विचारलं, "नवऱ्याचं नाव लिहू ना नक्की?"

"लिहा," ती म्हणाली.

ती वडाळ्याला भावाकडे राहू लागली. मयूर खोलीला कुलूप लावून मित्राकडे गेला. दुसरी किल्ली तिच्या पर्समध्ये होती, पण एकटीनं तिथे जायची तिची छाती होत नव्हती. तिच्या वकील माया मॅडमनी कोर्टात अर्ज केला, की मयूरनं तिच्या जवळपास फिरकू नये आणि खोलीत तिला राहू द्यावं. मयूरचं म्हणणं, ती माळ्याच्या शिडीवरून पडली.

"शेजारचं कुणीतरी बोलायला हवं," माया मॅडम म्हणाल्या. "भिंत एकच आहे ना तुमची?"

आकांक्षा भावाला सोबत घेऊन काकूंकडे गेली. काकूंनी कानावर हात ठेवले. "आमी काय ऐकलंच नाय गो. टीवी चालू असतो आमचा." आकांक्षाला इतका राग आला, की ती पाणीही न पिता उठली.

पुढच्याच आठवड्यात, ती माया मॅडमच्या ऑफिसात बसली असताना काकूंचा फोन आला. काकू दबक्या आवाजात बोलत होत्या.

"परत कशाला आलंस गो? आणि दार कशाला लावलंस? तो पण हाय काय आत?"

"काकू, मी माझगावला आहे. वकिलांकडे."

पलीकडे काकू गप्प झाल्या. त्या शांततेत आकांक्षाला फोनमधून ऐकू आलं. भांडं पडलं. भिंतीवर काहीतरी आदळलं. मग एक बाई रडत म्हणाली, "दार उघडा. कुणीतरी दार उघडा."

तो आवाज आकांक्षाचा होता. स्वतःचा आवाज माणूस ओळखतोच. पण हे शब्द तिनं कधी उच्चारले नव्हते. मार खाताना ती दातांवर दात दाबून गप्प राहायची, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून.

माया मॅडमनी हवालदाराला सोबत घेतलं आणि तिघं चाळीत आले. कुलूप होतं तसंच होतं, वर धूळ बसलेली. आकांक्षानं ते काढलं, पण दार हलेना.

"आतून कडी हाय," हवालदार म्हणाला आणि तिच्याकडे बघू लागला. त्यानं खांदा लावून दार तोडलं. आत कुणी नव्हतं. खिडकीचे गज शाबूत होते. शिडी माळ्याला टेकलेली होती. मोरीजवळ फुटक्या बांगड्या पडल्या होत्या, आणि फरशीवरचं रक्त अजून ओलं होतं.

हवालदारानं त्यातलं काही लिहिलं आणि काही लिहिलं नाही.

काकू मात्र कोर्टात उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत भिंतीपलीकडून जे जे ऐकलं ते सगळं सांगितलं, पदर तोंडाला लावून रडल्याही. त्या दुपारबद्दल त्यांना कुणी विचारलं नाही. मयूरला चाळीत पाऊल टाकायला बंदी झाली. खोली आकांक्षाला मिळाली.

राहायला येण्याआधी तिनं सुताराकडून नवं दार बसवून घेतलं. आतून कडी लावू दिली नाही. सुतार हसला, पण तिचा हट्टच होता.

काही दिवस बरे गेले. ती दार सताड उघडं ठेवून स्वयंपाक करायची, आणि तिला मोकळं वाटायचं, खरंच वाटायचं.

मग एका दुपारी ती काकूंच्या खोलीत मेथी निवडत बसली होती. टीव्ही हळू चालू होता. काकू काहीतरी सांगत होत्या आणि मधेच थांबल्या.

शेजारी दार आपटलं.

कडी पडली.

आकांक्षाच्या हातातली जुडी तशीच राहिली. त्या दाराला कडी नव्हती.

भांडं पडलं. भिंत हादरली, तशी काकूंच्या फळीवरचे डबे वाजले.

"दार उघडा," तिचाच आवाज म्हणाला. या वेळी अगदी भिंतीला तोंड लावून. "काकू. आकांक्षा. कुणीतरी या."

काकू पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "जातंस?" त्यांनी नुसते ओठ हलवले.

उठून चार पावलं चालायचं होतं. आकांक्षाला ते कळत होतं. तिच्याइतकं ते कुणाला कळणार? पण ती उठली नाही.

भिंतीवर पुन्हा काहीतरी आदळलं.

आकांक्षानं रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.