आपल्या घराच्या बाजूची

पाऊस असा अचानक आला, की हातातले प्रचाराचे कागद वाचवावेत की ओढणी, तेच अनुराधाला सुचेना. समोर एका दुकानाचं टिनाचं छप्पर दिसलं, तशी ती धावत जाऊन त्याखाली उभी राहिली.

पांढुर्ण्यात नगरपालिकेची निवडणूक लागली होती. अनुराधाचे मोठेबाबा गजेंद्रराव, म्हणजे तिच्या वडिलांचे थोरले भाऊ, आपल्या वार्डातून पार्षद, म्हणजे नगरसेवक, व्हायला उभे होते. एकत्र कुटुंब. घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला एकेक गल्ली आली होती, आणि शाळेतून शिकवून आल्यावर अनुराधाही आपल्या गल्लीत दारोदार फिरत होती.

"तुम्ही चुकीच्या टिनाखाली आल्या, मॅडम."

तिनं दचकून मागे पाहिलं. अर्धं शटर वर केलेलं, आत सतरंजी, आणि भिंतीवर शांताबाईंचा भला मोठा फोटो. मोठेबाबांच्या विरोधात उभ्या असलेल्या शांताबाई! आणि हे त्यांचं प्रचाराचं ऑफिस. दारात एक उंच, सावळा मुलगा चहाचा ग्लास घेऊन उभा होता. डोळ्यांत हसू होतं, ओठांवर मात्र आणलेलं नव्हतं.

"जाते मी," ती म्हणाली.

"एवढ्या पाण्यात? थांबा न. पाऊस अजून कोण्या पक्षात गेला नाही."

तिला हसू आलं... आणि ते त्यानं पाहिलं.

तो भूपेंद्र. राहणारा सावसरचा, नोकरी बोरगावच्या एका कंपनीत. शांताबाई त्याची आत्या. ड्युटी संपली की मोटरसायकल काढून तो तिच्या प्रचाराला यायचा. त्यानं तिच्या हातातला एक कागद मागून घेतला आणि अगदी मन लावून वाचला.

"रस्ता, नाली, पाणी... बजार गावाबाहेर नेणार, त्या जागेवर दुकानांचे गाळे." त्यानं मान वर केली. "एक विचारू? यातलं तुम्हाले सोताले काय पटते?"

त्या गल्लीतल्या कितीतरी लोकांनी तिला कितीतरी प्रश्न विचारले होते. हा कोणी विचारला नव्हता. घरीसुद्धा नाही.

"पाण्याचं पटते," ती सावकाश म्हणाली.

"आन् बजाराचं?"

टिनावर पाऊस वाजत होता. तिनं गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहून घेतलं.

"नाही पटत. त्या भाजीवाल्या बाया एवढ्या दूर टोपली घेऊन कशा जातील? आणि गेल्या तरी तिथं घ्यायला कोण येईल?"

बोलून झालं आणि तिलाच नवल वाटलं. हे तिला केव्हापासून असं वाटत होतं, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

भूपेंद्रनं कागदाची नीट घडी करून तो तिला परत दिला. "तुमच्या तोंडून ऐकलं, तर आमची आत्या तुम्हालेच उभं करन."

पाऊस कमी झाला होता. तरी ती थोडा वेळ थांबली.

*

मग ती दोघं भेटू लागली. पांढुर्ण्यात भेटणं शक्य नव्हतं. प्रत्येक कोपऱ्यावर मोठेबाबांचा कोणी ना कोणी माणूस. अनुराधाची मैत्रीण तृप्ती तिगावला राहत होती. सुटीच्या दिवशी तिच्याकडे जाते म्हणून अनुराधा निघायची, आणि तिगावच्या स्टेशनवर, प्लॅटफॉर्मच्या अगदी टोकाच्या बाकावर भूपेंद्र बसलेला असायचा. समोरून मालगाड्या धडधडत जायच्या. तेवढा वेळ बोलता यायचं नाही, म्हणून ते नुसते एकमेकांकडे पाहायचे... आणि गाडी गेल्यावर कोणी काय म्हणत होतं, ते दोघांनाही आठवायचं नाही.

"माझे बाबा तुमच्या मोठेबाबाच्याच पक्षाचे हायत," एकदा तो म्हणाला.

"काय सांगता! आणि तुम्ही इकडे?"

"मंग काय! सकाळी उठलो की आमचं सुरू. ते म्हणतात, तुले अक्कल नाही. मी म्हणतो, तुमच्या पक्षाले नाही. मायनं ताट वाढलं की म्हणतात, भाकर घे, थंड होऊन राहिली. बहिणीसाठी मत मागायले बी नाही म्हणते बाप माझा. पण आत्याची गाडी पंक्चर झाली, तर रात्रीतून टायर बदलून ठेवलं."

अनुराधा खळखळून हसली.

"आमच्या घरी भांडण होत नाही."

"बरं हाय की."

"भांडण होत नाही, कारण सगळं ठरलेलं राहते. आजोबांपासून एकच झेंडा. मोठेबाबा म्हणतात, आपल्या घरातलं एक मत कधी इकडचं तिकडं झालं नाही. बाबा मान हलवतात. आई वाढत असते. मी जेवत असते."

"आन् तुमच्या मनात?"

"मनातलं कोण विचारते!"

"मी विचारून राहिलो न." तो तिच्याकडे वळला. "अनुराधा, मले तुमच्या घरी येऊ द्या. तुमच्या मोठेबाबाले सरळ सांगतो, मी तुमच्या विरोधात काम करून राहिलो, पण तुमची पोरगी मले आवडते. हाकललं तर पाहून घेऊ."

तिच्या कानशिलांपर्यंत ऊब चढली. तिनं ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"निवडणूक होऊ द्या... मग मी सांगते घरी. सगळंच सांगते."

"नक्की?"

"नक्की."

त्यानं तिचा हात हातात घेतला नाही. बाकावर तिच्या हाताशेजारी आपला हात ठेवला, एवढंच. तिला तेही पुष्कळ झालं.

*

वार्डातल्या गणपतीच्या मंडळात आरतीला दोन्ही उमेदवारांना बोलावलं होतं. आरती झाली, प्रसाद वाटला गेला, आणि कोणीतरी बाजाराचा विषय काढला. भाजी विकणाऱ्या काही बाया मागे उभ्या होत्या. शांताबाई म्हणाल्या, "गजेंद्रभाऊ, या बायांचं काय ते तुम्ही यांच्या तोंडावर सांगा."

मोठेबाबा हसले. ते वाईट नव्हते. तिच्या शाळेची फी, तिचं बी.एड., तिची पहिली स्कूटी, सगळं त्यांनीच पाहिलं होतं. त्यांना खरंच वाटत होतं, की गाळे झाले की गावाचं भलं होईल.

"मी कायले सांगू? मी तर उमेदवार हाव, मी माझंच म्हणणार," ते म्हणाले. "आमची अनु शिकलेली हाय, शाळेत शिकवते. तिलेच विचारा. सांग वं बेटा, बजार हलवणं बरोबर हाय का नाही? तू कोणाच्या बाजूची?"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. शांताबाईंच्या मागे भूपेंद्र उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. उलट एक उत्सुकता होती... जणू त्याची खात्री होती, की आता हिच्यासाठी दार उघडलं.

अनुराधाला बाबा दिसले. ते मोठेबाबांच्या शेजारी हात बांधून उभे होते. आई दिसली, बायकांमध्ये, पदर सावरत. तिच्या जिभेवर वाक्य आलं होतं. तेच, टिनाखालचं.

"मी आपल्या घराच्याच बाजूची आहे, मोठेबाबा," ती म्हणाली. "तुम्ही म्हणता ते बरोबर आहे."

आवाज कुठं अडखळला नाही, कापला नाही. टाळ्या वाजल्या. मोठेबाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मागच्या बाया निघून गेल्या. तिनं पाहिलं, तोवर भूपेंद्रही गेला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं शाळेच्या मागच्या अंगणातून फोन केला.

"रागावले?"

"नाही वं." तो पहिल्यांदाच असं जवळचं बोलला. "राग नाही आला. भेव वाटलं."

"कशाचं?"

"तुम्ही खोटं बोलल्या, त्याचं नाही. किती सहज बोलल्या, त्याचं. उद्या माझ्या घरी आल्या, माझ्या बापाले, मायले, मले असंच 'तुमचं बरोबर आहे' म्हणत राहाल... आन् तुमच्या मनात काय हाय, ते मले जन्मभर समजणार नाही. मले तशी बायको नाही पाहिजे, अनुराधा. मले तुम्ही पाहिजे होत्या."

"मी सांगणार होते. निवडणुकीनंतर—"

"हो," तो म्हणाला. "म्हणल्या होत्या."

तिनं फोन ठेवला.

*

अनुराधानं मत शांताबाईंना दिलं. मोठेबाबा निवडून आले. दारात फटाके फुटले, आणि ती सगळ्यांना पेढे वाटत फिरली. पुढे बाजार खरंच हलला. शाळेतून येताना रिकाम्या जागेवर पत्र्याचं कुंपण दिसायचं, आणि ती स्कूटीचा वेग वाढवायची.

संत्र्याचा हंगाम सरला. एका संध्याकाळी जेवताना मोठेबाबा म्हणाले, "अनुसाठी स्थळ आलं. पोरगा चांगला हाय. आन् मुख्य म्हणजे आपल्याच विचारांचं घर हाय."

"कोणाच्या विचारांचं?"

हे आपणच बोललो, हे तिला थोड्या वेळानं कळलं.

"म्हणजे?" मोठेबाबांनी विचारलं.

तिनं हातातला घास ताटात ठेवला. "माझे विचार तुमच्यासारखे नाहीत, मोठेबाबा. मी मत शांताबाईंना दिलं. बाजार हलवला, ते मला तेव्हाही पटलं नव्हतं, आताही पटत नाही. मंडळात मी खोटं बोलली."

बाबांचा हात तोंडाजवळच थांबला. आता ताट भिरकावलं जाईल, आता आईला बोल लागतील... तिनं डोळे मिटून घेतले.

मोठेबाबांनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मंग तवाच काऊन नाही सांगितलं?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं. "मी चारचौघांत विचारलं होतं न तुले? तू नाही म्हणली असती, तर मी काय तुले खाल्लं असतं?"



"विजयमाला," ते तिच्या आईकडे वळून म्हणाले, "कढी वाढ थोडी."

एवढंच झालं. ज्या गोष्टीच्या भीतीपायी तिनं भूपेंद्रला गमावलं होतं, ती गोष्ट एवढीशीच होती.

स्वयंपाकघरात भांडी आवरताना आई तिच्या जवळ आली. "मी बी तुझ्या मोठेबाबाच्या पक्षाले मत देत नाही," ती हळूच म्हणाली. "लग्न होऊन आली तेव्हापासून नाही दिलं."

अनुराधा बघतच राहिली. "बाबांना ठाऊक आहे?"

"त्यायनं कधी विचारलं नाही."

"मग मला तरी सांगायचं, आई!"

आईनं कढीच्या गंजावर झाकण ठेवलं. "तू तरी कुठं सांगितलं मले?"

दोघी मायलेकी एकमेकींकडे पाहून हसल्या. मग आईच्या खांद्यावर डोकं ठेवून अनुराधा खूप रडली. हे रडणं कोणासाठी, ते ओळखून आईनं मुलाचं नाव विचारलं, तिनं सांगितलं. "जा मंग," आई म्हणाली. "जाऊन ये."

*

ती बसनं सावसरला आणि तिथून बोरगावला गेली. कंपनीची शिफ्ट सुटली, माणसं बाहेर पडली. भूपेंद्रनं तिला पाहिलं, मोटरसायकल स्टँडवर लावली आणि चालत आला. आभाळ भरून आलं होतं, अवेळी भुरभुर सुरू होती.

"तुम्ही? इथं?"

"घरी सांगितलं मी. मत कोणाला दिलं, ते. सगळ्यांसमोर."

त्याचा चेहरा उजळला, खरोखर उजळला. "काय म्हणले मोठेबाबा?"

"कढी मागितली."

तो मोठ्यानं हसला, तीही हसली. रस्त्यावरची दोन माणसं वळून पाहू लागली. मग त्याचं हसू हळूहळू मावळलं.

"अनुराधा... माझं साक्षगंध झालं. मागच्या महिन्यात अंगठ्या घातल्या."

भुरभुर तिच्या पापण्यांवर साचत होती. तिनं ती पुसली नाही.

"कशी आहे?"

"भांडते," तो म्हणाला. "तिचे विचार अर्धे माझ्या बाबासारखे हायत. पण जे मनात राहते, ते तोंडावर सांगते." तो थांबला. "चांगली हाय. तिले मी आता..."

"नाही, नाही. मी त्यासाठी नाही आली." तिनं घाईनं मान हलवली, आणि मग घाई सोडून दिली. "खरं सांगू? त्यासाठीच आली होती. तुम्ही मला आवडत होते, भूपेंद्र. अजूनही आवडता. तिगावला तुम्ही विचारलं, तेव्हाही हेच उत्तर होतं."

त्यानं खाली पाहिलं. बुटानं रस्त्यावरचा एक खडा बाजूला केला.

"आता कायले सांगितलं?"

"आता नसतं सांगितलं, तर उरलेलं आयुष्य पुन्हा तसंच गेलं असतं."

पांढुर्ण्याकडे जाणारी बस आली. त्यानं हात करून ती थांबवली, कंडक्टरला सांगून तिला जागा करून दिली, आणि बस सुटेपर्यंत तो ओल्या रस्त्यावर उभा राहिला. "सुखी राहा," तो काचेबाहेरून म्हणाला. ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं.

बसमध्ये अनुराधाला रडू आवरलं नाही, आणि तिनं आवरलंही नाही. शेजारच्या अनोळखी बाईनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"कोण होता वं तो, बाई? भाऊ?"

"नाही," अनुराधा म्हणाली. "माझ्या मनातला माणूस. मला सांगायला उशीर झाला."

बाईनं उठून अनुराधाला खिडकीजवळची जागा दिली.