यहूदाच्या छातीवरचं ठिगळ

"एक! गाढवगल्लीच्या उतारावरून पुठ्ठ्यावर बसून घसरायचं!" लिचा खडूने भिंतीवर लिहीत ओरडली. "दोन! चर्चच्या मनोऱ्यावर चढायचं! तीन! चौकातलं निवडुंगाच्या फळांचं आइस्क्रीम खायचं, रोज!"

"आणि चार," तिचा भाऊ ताचो म्हणाला, "लिचाला घरी ठेवून जायचं!"

लिचाने खडू नेम धरून त्याच्या कपाळावर मारला. ती नऊ वर्षांची होती, पण नेम तिचा पक्का होता.

"मारामारी शनिवारी करा रे!" त्यांची मैत्रीण चायो शिडीवरूनच ओरडली. "माझी भुवई हलतेय!"

भुवई तिची नव्हे, यहूदाची! ईस्टरची सुट्टी लागली होती आणि चायो आजोबांच्या कारखान्यात यहूदाच्या पुतळ्याला शेवटची भुवई चिकटवत होती. येशूला दगा देणारा हा यहूदा दोन पुरुष उंच होता. बोरूचा सांगाडा, त्यावर वर्तमानपत्रं आणि पिठाची खळ, लालभडक तोंड, डोक्यावर शिंगं. सान ओनोफ्रे गावात दर वर्षी ईस्टरच्या आदल्या दिवशी, पवित्र शनिवारी, असे दोन यहूदा चौकात टांगून उडवले जात, एक वरच्या आळीचा आणि एक खालच्या आळीचा. त्यांच्या पोटात पाव, सॉसेजच्या माळा आणि गोळ्या भरलेल्या असत. पोट फुटलं रे फुटलं, की दोन्ही आळ्यांची पोरं त्यावर तुटून पडत! नाकं फुटत, सदरे फाटत. गेल्या वर्षी ताचोने सॉसेजसाठी एकाचा कान चावला होता आणि अजून तो ते अभिमानाने सांगायचा.

वरच्या आळीचा यहूदा चाळीस वर्षं चायोचे आजोबा, कुकोबाबा, करत होते. फटाक्यांनी त्यांचे दोन्ही कान नेले होते आणि डाव्या हाताची दोन बोटंही. आईबाप नसलेल्या चायोला त्यांनीच वाढवलं होतं. त्या घरात ती दोघंच होती. त्यांच्याशी ती हातवाऱ्यांनी बोलायची.

गावची एक रीत होती. ज्याने यहूदा बनवला, त्यानेच तो पेटवायचा आणि फुटेपर्यंत त्याच्या खाली उभं राहायचं. "खाली उभं राहायचं असलं, की माणूस फटाक्यांची दारू जपून भरतो!" कुकोबाबा म्हणायचे. दर वर्षी ते तोंडातल्या चिरुटाने वात पेटवत आणि राख झटकत बाहेर येत. दर वर्षी चायो जीव मुठीत धरून बघायची.

गुरुवारी पुतळा चौकातल्या वाण्याच्या, सेन्योर आबुंदिओच्या, दुकानात गेला. खाऊ त्यात तिथेच भरत. शुक्रवारी दुपारी सगळं गाव मिरवणुकीला गेलं, आणि तिघं दुकानाच्या मागच्या अंगणात उतरली.

"फक्त वास घ्यायचा," चायोने बजावलं. "खायचं नाही!"

"वासाने कुणाचं पोट भरलंय?" ताचो पुटपुटला.

यहूदा गवतावर उताणा पडला होता. चायोने त्याच्या छातीवरून हात फिरवला आणि ती थबकली.

"हे ठिगळ कुणी लावलं?"

"खाऊ भरायला खिडकी असतेच की!" लिचा म्हणाली.

"ती पाठीवर! मी स्वतः कापलीये. छातीत कशाला भोक पाडलं?" तिने वास घेतला. "आणि ही आमची खळ नाही. हा सुताराचा सरस आहे."

ताचोने पोटावर टिचकी मारली. आत पावच, हलकंसं वाजलं. छातीवर मारली, तर भरीव, जड आवाज आला. लिचा गवतात रांगत होती. तिने मेण लावलेल्या तपकिरी कागदाचा एक तुकडा वर धरला. त्यावर कवटी छापलेली होती.

ताचोच्या तोंडचं पाणी पळालं. त्याचे वडील दूरच्या खाणीत कामाला असत. "हा सुरुंगाच्या कांडीचा कागद आहे," तो कुजबुजला. "खडक फोडतात त्या! असली एक कांडी घर पाडते, चायो!"

"हुशार आहेत हं पोरं!"

दारात चानो उभा होता. सेन्योर आबुंदिओचा हा भाचा बंद पडलेल्या खाणीवर राखण करायचा. अंगाने रेडा आणि डोक्यानेही तसाच. त्याने ताचोची मानगूट धरून त्याला उचललं.

"गेल्या वर्षी खालच्या आळीचा यहूदा जास्त मोठ्याने वाजला! वर्षभर हसले लोक आम्हाला!" तो दात दाखवत म्हणाला. "उद्या असा वाजवतो, की त्यांच्या खिडक्या उडतील! सात कांड्या ठेवल्यात!"

"आजोबा खाली उभे असतात!" चायो किंचाळली.

"चाळीस वर्षं उभा राहतोय म्हातारा. झालंय का त्याला काही?"

"तेव्हा फटाके असतात! हे सुरुंग आहेत! गावातली सगळी पोरं भोवती बसलेली असतात!"

"भित्री कुठली!" चानो म्हणाला, आणि त्याने ताचोच्या तोंडावर ठोसा लगावला. "हा नमुना! कुठे बोललात तर बाकीचा मिळेल!"

दुसरा ठोसा बसला. ताचोच्या ओठातून रक्त वाहू लागलं. चायोने खराटा उचलून चानोच्या पाठीत घातला, तर त्याने वळून तिलाच भिंतीवर भिरकावलं. तिच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. तेवढ्यात लिचाने त्याच्या पोटरीला कडकडून चावा घेतला! चानो बोंबलला, ताचो सुटला, आणि तिघं कुंपणावरून उड्या टाकून गाढवगल्लीतून धूम पळाली. पुठ्ठ्याशिवायच.

संध्याकाळी चायोने आजोबांना सगळं हातवारे करून सांगितलं. छाती, भोक, सुरुंग, चानो! म्हाताऱ्याने तिच्या कपाळावरचं टेंगूळ पाहिलं आणि भुवया आक्रसल्या.

"पडलीस कुठे? भोक पाडल्याशिवाय पाव कसे भरतील, वेडे?" बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात ते म्हणाले. "माझ्या यहूदाला हात लावायची छाती आहे कुणाची या गावात? चानो मूर्ख आहे, पण एवढा नाही."

तिने पुन्हा सांगितलं, तर त्यांनी डोळेच मिटून घेतले. बहिऱ्या माणसाने डोळे मिटले, की बोलणंच खुंटतं. चायोला इतका राग आला, की तिने कधी नव्हे ते दार आपटलं. तेही त्यांना ऐकू गेलं नाही.

शनिवार उजाडला आणि गावात पाण्याचा धुमाकूळ सुरू झाला. पवित्र शनिवारी सान ओनोफ्रेत माणूस कोरडा राहणं म्हणजे अपमान! गच्च्यांवरून बादल्या, खिडक्यांतून तांबे.

"फौजदारसाहेब!" चायो पोलीस चौकीच्या दारात ओरडली. "यहूदामध्ये सुरुं…"

धप्प! वरच्या सज्जातून अख्खी बादली तिच्या तोंडावर पडली. फौजदार पोट धरून हसले.

"साहेब, ऐका! चानोने सात…"

धप्प! या वेळी खुद्द फौजदारांनीच! "सण आहे, पोरी! तक्रारी सोमवारी!"

ताचो सुजलेलं तोंड घेऊन सेन्योर आबुंदिओकडे गेला, तर "माझा भाचा? माझा चानो?" म्हणत त्यांनी त्याला कान पिरगाळून बाहेर काढलं. मोठी माणसं सणाच्या दिवशी कान घरी ठेवून येतात की काय कोण जाणे! माझ्या आजोबांचे निदान खरोखर गेलेत, चायोच्या मनात आलं, आणि तिला रडू फुटलं.

यहूदा बाराला पेटायचे, आणि बाराला पंधराच मिनिटं होती. चौकात दोन्ही यहूदा टांगलेले होते, भोवती दोरांचं रिंगण, आणि रिंगणाच्या काठाला शंभरएक पोरं उकिडवी बसलेली. वाजंत्री सुरू झाली होती. कुकोबाबा नवी टोपी घालून आत शिरत होते.

लिचाच्या अंगावर कुणीतरी तांब्याभर पाणी उडवलं. चायो तिच्याकडे बघतच राहिली.

"पाणी!" ती म्हणाली. "ताचो, पाणी! भिजली की वात पेटत नाही!"

ताचोने आवंढा गिळला. "रिंगणात पाणी नेलेलं कुणाला सोडत नाहीत गं. मागे एकाने चुकून यहूदा भिजवला, तर त्याच्याच आळीने त्याचा हात मोडला."

"मोडू देत!"

"माझा नको, तुझा मोडू देत," ताचो म्हणाला, आणि त्याने बाह्या सरसावल्या. "मी काय करू ते सांग."

सेन्योर आबुंदिओच्या दुकानाच्या सज्जावरूनच यहूदाचा दोर गेला होता. लिचा गटाराच्या नळावरून माकडासारखी वर सरकली. वर दोन भरल्या बादल्या होत्याच, आज कुठे नव्हत्या? ताचो सरळ खालच्या आळीच्या पोरांकडे गेला आणि त्यांतल्या सर्वांत दांडग्याला म्हणाला, "तुझा कान कसा आहे रे? चविष्ट होता!"

मग काय विचारता! एका क्षणात ताचोवर सहा जण होते, आणि त्या सहांवर वरच्या आळीचे दहा! गुद्दे, लाथा, किंकाळ्या! दोर धरून उभे असलेले बाप्ये सोडवायला धावले आणि रिंगणाला खिंडार पडलं. चायो हाताला लागलेली एक भरली बादली छातीशी धरून आत घुसली.

कुकोबाबांनी चिरुट वातीला लावला होता. ठिणग्या फुरफुरत वर चढत होत्या! वीतभर वात राहिली, मग चार बोटं!

चायोने सगळा जीव एकवटून बादली फेकली.

फस्स! वात विझली. चौकात जी गर्जना उठली, तिने कबुतरं उडाली. "यहूदा भिजवला! धरा तिला!" कुणीतरी तिच्या पाठीत लाथ घातली. चानोने तिची वेणी धरून तिला दगडी फरशीवरून फरफटत नेलं. तिचे गुडघे सोलून निघाले. तरी ती ओरडत होती, "लिचा! ओत! सगळं ओत!"

वरून पहिली बादली यहूदाच्या डोक्यावर पालथी झाली. मग दुसरी!

कुकोबाबा वळले. त्यांनी आपला ओथंबलेला यहूदा पाहिला आणि मग नात. ते ताडताड चालत आले, चानोच्या हातातून तिला ओढलं आणि खाडकन तिच्या तोंडात मारली.

आयुष्यात पहिल्यांदा. सगळ्या गावासमोर! तीन बोटांचा हात होता, पण चायोचा गाल पेटला. लाथेने, वेणीने जे दुखलं नव्हतं, ते आता दुखलं.

पण त्यांच्या तोंडात चिरुट अजून पेटलेला होता आणि ते पुन्हा यहूदाकडे निघाले होते. चायोने उडी मारून तो चिरुट फटकारला. तो डबक्यात पडला आणि विझला.

त्यांनी पुन्हा हात उगारला. आणि मागे काहीतरी पचकन फाटलं.

पिठाची खळ ती, पाण्यापुढे किती टिकणार! यहूदाचं पोट लोंबलं आणि फुटलं. पाव, सॉसेज, गोळ्या सगळं धपाधप खाली आलं. एकही पोरगं पुढे धावलं नाही, कारण पाठोपाठ छातीही उसवली, आणि तारेने बांधलेल्या सात तपकिरी कांड्या कुकोबाबांच्या बुटापाशी येऊन पडल्या.

सुरुंग कसा दिसतो ते खाणीच्या गावात सांगावं लागत नाही. आयांनी किंकाळ्या फोडत पोरं उचलली. फौजदारांचा चेहरा पांढराफटक पडला. "मागे व्हा! सगळे मागे!" ते ओरडले. आता त्यांना ऐकू येत होतं, दिसत होतं, सगळं!

चानो हळूच सटकू लागला. ताचोने, एक दात हातात धरलेल्या ताचोने, त्याला पाय घातला! चानो पालथा पडला, आणि मग दोन्ही आळ्या त्याच्यावर तुटून पडल्या. चाळीस वर्षांत प्रथमच त्या एका बाजूने लढल्या. बाजारातल्या बाया ओल्या फडक्यांनी त्याला बडवत होत्या. "मी फक्त आवाज मोठा व्हावा म्हणून…" तो केकाटत होता. फौजदारांनी त्याला सोडवून बेड्या घातल्या, तेव्हा उलट तोच त्यांना बिलगला.

कांड्या खाणीचे जुने कामगार घेऊन गेले. नगराध्यक्ष कट्ट्यावर चढले. "या तीन मुलांनी आज गाव वाचवलं!" ते म्हणाले. "आणि आम्ही मोठ्यांनी त्यांना हाकलून लावलं. गावातर्फे मी त्यांची माफी मागतो." टोप्या उडाल्या, वाजंत्री दणाणली. सेन्योर आबुंदिओंनी डोळे पुसत ताचोला सॉसेजची अख्खी माळ दिली. ती त्याने गळ्यातच घातली. दाताशिवाय कशी खायची, हा त्याला प्रश्नच पडला नाही. फौजदार लिचासमोर टोपी काढून उभे राहिले.

"सोमवारी येऊ का तक्रारीला?" लिचाने विचारलं, आणि अख्खा चौक हसला.

चायो कारंज्याच्या काठावर गुडघे धूत बसली होती. कुकोबाबा समोर आले. ते खाली बसले, टोपी काढली आणि आपला गाल पुढे केला.

"मार," ते म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज, सगळ्या चौकाला ऐकू गेला. "तू बोललीस, तेव्हा मी डोळे मिटले. मार मला."

वाजंत्री थांबली. मोठी माणसं खाली बघू लागली. नाही मारणार ती, असंच सगळ्यांना वाटलं.

चायोने हात उचलला आणि खाडकन ठेवून दिली. खोटी खोटी नव्हे, चांगली सणसणीत! मग तिने दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा धरला आणि, ओठ नीट दिसतील असं, सावकाश म्हणाली, "पुन्हा डोळे मिटायचे नाहीत."

"नाही मिटणार," आजोबा म्हणाले. तेव्हा कुठे ती त्यांच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली.